बर्फावरची फरशी आणि ८२ चा आकडा

[बॉस्टन. रिकामं बंदिस्त स्टेडियम, वरच्या गॅलरीतून. खाली पांढराशुभ्र बर्फ.]

दुपारी इथे आइस हॉकी झाली. संध्याकाळी बास्केटबॉल आहे. मधल्या काही तासांत या माणसांना मैदान बदलायचंय, आणि तेही बर्फ न वितळवता. आधी त्यावर जाड फळ्या अंथरायच्या, म्हणजे गारवा वर येत नाही. मग लाकडी फरशीचे चौकोन. एकेक चौकोन पाच फूट बाय पाच फूट. गाडीवरून उतरवायचा, सरकवायचा, शेजारच्याला भिडवायचा, बोल्ट आवळायचा. पुढचा घ्यायचा.

[बोल्ट आवळणारा हात, लांबच्या लेन्समधून. निवेदन नाही. फक्त आवाज.]

नक्षी बघा. एका चौकोनात पट्ट्या आडव्या, शेजारच्यात उभ्या. ही हौस म्हणून केलेली नाही. १९४६ मध्ये पहिली फरशी घडवली तेव्हा महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि लांब फळ्या मिळत नव्हत्या. ओकचे आखूड तुकडे हाताशी होते, तेच आडवे-उभे जोडून वेळ मारून नेली. पुढे फरशी बदलली, नक्षी तीच ठेवली. आज इथला बास्केटबॉल संघ, बॉस्टन सेल्टिक्स म्हटलं की आधी ही फरशीच डोळ्यांसमोर येते.

एवढा वेळ फरशी दाखवायचं कारण आहे. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचा साखळी हंगाम फार लांब आहे का, हा वाद अमेरिकेत दरवर्षी पेटतो. प्रत्येक संघाचे ८२ सामने. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरुवात, गुढीपाडवा उलटून गेल्यावर शेवट, आणि त्यानंतर खरी झुंज, म्हणजे प्लेऑफ, बाद फेरी, आणखी दोन महिने. आयपीएलमध्ये एक संघ साखळीत १४ सामने खेळतो, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. हे ८२ आले कुठून, ते कळायला या फरशीखालच्या बर्फाकडेच जावं लागतं.

[कृष्णधवल छायाचित्रं. हॅट घातलेले पुरुष, सिगारचा धूर.]

६ जून १९४६. न्यूयॉर्कचं कमोडोर हॉटेल. नवी बास्केटबॉल लीग काढायला माणसं जमलीत, पण यातले बहुतेक जण बास्केटबॉलचे नाहीतच. मोठमोठी बंदिस्त स्टेडियम यांच्या ताब्यात आहेत आणि यांचा धंदा हॉकीचा. हॉकी आठवड्यातून दोन-तीन रात्री. बाकीच्या रात्री दिवे बंद आणि खर्च चालू. आपल्याकडे मंगल कार्यालय चालवणाऱ्याला विचारा, पौष महिना कसा जातो. या मंडळींचा पौष वर्षभर पसरलेला होता. रिकाम्या तारखा भरायला काहीतरी हवं होतं. कॉलेजांच्या बास्केटबॉलला गर्दी होते हे त्यांनी पाहिलेलं होतं. मग आपलीच लीग का नको?

बॉस्टन गार्डनचे वॉल्टर ब्राउन यात पुढे होते. अध्यक्षपदी बसवले मॉरिस पोडोलॉफ. हे गृहस्थ त्याच वेळी हॉकीच्याही एका लीगचे अध्यक्ष. म्हणजे दुकान तेच, फक्त फळीवर नवा माल. नाव ठेवलं बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका. तीन वर्षांनी ती दुसऱ्या एका लीगशी एक झाली आणि एनबीए म्हणून ओळखली जाऊ लागली.

[वर्तमानपत्रातली जुनी जाहिरात, हळूहळू जवळ.]

पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ चा, टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये. तेही हॉकीचंच घर. लोकांनी यावं म्हणून काय शक्कल काढली होती बघा. टोरोंटोचा जॉर्ज नोस्ट्रँड सहा फूट आठ इंच उंच. त्याच्याहून उंच असाल तर तिकीट माफ! न्यूयॉर्क ६८, टोरोंटो ६६. लीग चालू झाली.

त्या वर्षी ६० सामने ठरले होते.

[पडद्यावर आकडे एकाखाली एक.]

पुढचा चढ बघत राहा. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर ७२. १९५९ च्या हंगामाला ७५. त्यापुढच्या वर्षी ७९. मग ८०. १९६६ ला ८१. १९६७ ला ८२. आणि तिथे काटा अडकला. गुडघ्याचा हिशोब यात कुठेच नाही. हिशोब गल्ल्याचा, आणि तो थोड्याथोड्या रात्रींनी वाढवत नेलेला.

१९६७ मध्ये लीगमध्ये संघ किती? १२. अकरा प्रतिस्पर्धी, एकेकाशी सात-आठ वेळा गाठ, झाले ८२. गणित सरळ होतं. आज संघ ३० आहेत आणि आकडा हललेला नाही. त्यामुळे आता जुळवाजुळव करावी लागते: आपल्या गटातल्या चौघांशी चार-चार सामने, आपल्याच विभागातल्या आणखी सहा जणांशी चार-चार, उरलेल्या चौघांशी तीन-तीन, दुसऱ्या विभागातल्या पंधरा जणांशी दोन-दोन. वेळापत्रक लावणाऱ्यांना मानलं पाहिजे. पण आधी उत्तर लिहून मग गणित मांडण्याचा हा प्रकार आहे. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळावं म्हटलं तर २९ दुणे ५८. माझं मत विचाराल तर ५८ वर थांबावं. पण मला कोण विचारतंय.

[विल्ट चेंबरलेन, छायाचित्र.]

यावर जुनेजाणते म्हणतात, आमच्या वेळी कोणी कुरकुर करत नव्हतं. दाखला खणखणीत आहे. हे विल्ट चेंबरलेन. १९६१-६२ च्या हंगामात ८० सामने, आणि सरासरी मैदानावर किती वेळ? ४८.५ मिनिटं. सामना ४८ मिनिटांचा! जादा वेळ धरून आकडा वर गेला, कारण हा माणूस जवळजवळ बसलाच नाही. त्याच हंगामात २ मार्च १९६२ ला त्यांनी एका सामन्यात १०० गुण केले, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात, चॉकलेटच्या कारखान्याशेजारच्या हॉकी स्टेडियममध्ये. त्या रात्रीचं चलचित्रण सापडलेलं नाही, म्हणून आमच्याकडेही नाही. आणि नंतरच्या काळातले ए. सी. ग्रीन: सलग १,१९२ सामने, चौदा-पंधरा वर्षं.

घरातले वडीलधारे आम्ही अनवाणी शाळेत जायचो म्हणतात ना, तसंच हे. खोटं नाही. फक्त रस्ता आता तो राहिलेला नाही.

[एका बचावपटूचे पाय. बाकी काही नाही. संथ गतीत.]

फक्त पाय बघा. चेंडूकडे बघू नका.

बास्केटखाली उभा आहे. चेंडू कोपऱ्यात गेला, तीन ढांगांत तिकडे. थांबला, बुटाचा तळवा फरशीवर करकरला. हात वर, उडी. उतरताना सगळं वजन एका पायावर. फेक झालीच नाही, चेंडू परत मध्ये. अंग वळवलं, पुन्हा आत. पुन्हा बाहेर. आणि आता दुसऱ्या टोकाला पळत.

[घड्याळ: एका चढाईला मिळणाऱ्या २४ सेकंदांपैकी १७ संपलेत.]

१९७९ मध्ये एनबीएने तीन गुणांची रेषा आखली. बास्केटपासून मधल्या बाजूला २३ फूट ९ इंच. पहिली कित्येक वर्षं तिकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. आज उंचातला उंच माणूसही तिथून फेकतो, म्हणून त्याला अडवणाऱ्यालाही तिथवर धावावं लागतं. विल्टच्या काळी मोठा माणूस बास्केटखाली पाय रोवून उभा राहायचा. आता पाय रोवायला सवडच नाही. एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला सुमारे शंभर चढाया येतात. तुम्ही आत्ता पाहिली ती एक.

[रात्रीचा विमानतळ. बसमधून उतरणारे उंच आकार, डोक्यावर हूड, हातात उशा.]

सामना रात्री दहाला संपला. अंघोळ, बर्फाच्या पिशव्या, बस, विमान. दुसऱ्या शहरात पोचायला दोन-अडीच वाजतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामना. याला बॅक-टू-बॅक म्हणतात आणि एका संघाच्या वाट्याला हंगामात ते पंधराच्या आसपास येतात. पूर्वी पाच रात्रींत चार सामनेही लागायचे. ते २०१७ पासून बंद केले, हंगाम आठवडाभर आधी सुरू करून. सामना मात्र एकही कमी केला नाही.

पाच रात्रींतल्या अशाच चौथ्या सामन्याला, २९ नोव्हेंबर २०१२ ला, सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना सरळ घरी पाठवून दिलं. समोर मायामी, सामना देशभर टीव्हीवर. लीगचे प्रमुख, कमिशनर डेव्हिड स्टर्न भडकले. दंड, अडीच लाख डॉलर! आणि उरलेली पोरं हरली ती फक्त पाच गुणांनी, १०५-१००. त्याच पोपोविच यांनी काही महिन्यांपूर्वी डंकन न खेळल्याचं कारण गुणपत्रकात एका शब्दात लिहून दिलं होतं: म्हातारा.

पुढे लोड मॅनेजमेंट हा शब्द आला, म्हणजे खेळाडूला ठरवून काही सामने विश्रांती द्यायची. कवाय लेनर्ड २०१८-१९ मध्ये टोरोंटोसाठी ८२ पैकी ६० सामने खेळले आणि जूनमध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिलं. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी तेच सुरू केलं.

मग लीगने २०२३-२४ पासून नियम काढला: सर्वोत्तम खेळाडूसारख्या मोठ्या सन्मानांसाठी निदान ६५ सामने खेळलेच पाहिजेत. नियम खेळाडूंना चाप लावायला केला, पण जरा उलटा वाचा. वर्षातला सर्वोत्तम कोण, हे ठरवायला लीगलाच ६५ पुरतात. मग वरचे १७ कशासाठी?

[स्टेडियमबाहेर. थंडी. एक माणूस आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या अंगावर कोटावरून चढवलेली जर्सी.]

हे कुटुंब मूळचं कोल्हापूरचं, आता इथून तासाभरावर राहतं. तिकिटं दिवाळीत काढली होती, मुलाच्या वाढदिवसासाठी. जर्सीवर ज्याचं नाव आहे तो पाहुण्या संघाचा. त्याचा संघ या शहरात वर्षातून एकदाच येतो. काल रात्री तो दुसरीकडे छत्तीस मिनिटं खेळला. आजची यादी दुपारी लागली.

“बाबा, तो खेळणारच नाहीये का?”

“अरे, बाकीचे आहेत ना. चल, आत तर जाऊ.”

[मुलगा. निवेदन नाही. वीस सेकंद.]

खेळाडूचं नाव आम्ही झाकलंय. त्याचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

[मुंबई. वरळी. एनएससीआय डोम.]

हेच सामने मोजके असले की काय होतं, ते मुंबईने पाहिलंय. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स इथे दोन सामने खेळले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर. भारतातले हे एनबीएचे पहिलेच सामने, आणि तेही सरावाचे. गुणतक्त्यात त्यांना जागा नव्हती. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळकरी मुलं. पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ ने जिंकला. एरवी आपल्याकडचा चाहता पहाटे पाच-सहाला उठून, घरातले जागे होऊ नयेत म्हणून आवाज बंद करून बघतो. अलार्म लावून उठल्यावर कळतं, आज साहेब विश्रांतीवर.

[न्यूयॉर्क. काचेच्या इमारती.]

मग सामने कमी का करत नाहीत? दहा सामने कमी केले की प्रत्येक संघाच्या घरच्या पाच रात्री जातात. लीगभरात दीडशे. २०२५-२६ पासून लागू झालेला टीव्हीचा करार ११ वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा. उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, त्यामुळे कात्री त्यांच्याही खिशाला लागणार. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर तरीही ७२ करा म्हणतात. हे कर १९९५-९६ मध्ये शिकागोच्या ७२-१० च्या, म्हणजे ७२ जिंकून १० हरलेल्या, संघात खेळाडू होते आणि २०१५-१६ मध्ये ७३-९ च्या संघाचे प्रशिक्षक. ८२ सामन्यांच्या हंगामातले दोन सर्वात मोठे विक्रम, आणि दोन्हीकडे हा माणूस हजर. त्याला तरी आळशी म्हणता येणार नाही. कमिशनर अॅडम सिल्व्हर यांनी सामना ४८ ऐवजी ४० मिनिटांचा करण्याचा विषय काढून पाहिला. म्हणजे मिनिटं घ्या, रात्री मागू नका. १९४६ चं हॉटेल आठवतंय ना?

[तीन जर्सी. तिन्हींवर शून्य.]

२०२५ चे प्लेऑफ. डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि अगदी शेवटच्या सामन्यात टायरीस हॅलिबर्टन. तिघांचा क्रमांक शून्य, तिघांचीही टाचेमागची शीर, अकिलिस, तुटली. विश्रांतीने दुखापती कमी होतात असं आकड्यांत दिसत नाही, असा अहवाल लीगने जानेवारी २०२४ मध्ये दिला होता.

[पुन्हा बॉस्टन. मध्यरात्र. खुर्च्या रिकाम्या, दिवे अर्धे.]

सामना संपून तास झालाय. तीच माणसं, आता उलट्या क्रमाने. बोल्ट सैल, चौकोन वर, गाडीवर. कोपऱ्यातला निघाला तसा खालचा पांढरा तुकडा दिसायला लागला. हॉकीच्या एनएचएलचाही साखळी हंगाम ८२ सामन्यांचा आहे. २०२६-२७ पासून तो ८४ चा होतोय.

[गाडीची चाकं. एकावर एक रचलेले चौकोन. कोणीतरी शीळ घालतंय.]

बर्फावर सकाळी सराव आहे.