इंटरव्ह्यूला बॉटल ग्रीन सूट? चालेल, पण कुठे आणि कसा

[कोट कॅमेऱ्यासमोर धरून] हा कोट बघा. रंग कोणता? बरेच जण काळा म्हणतील. थांबा, खिडकीपाशी येतो. आता? बॉटल ग्रीन! कोट तोच आहे, फक्त डोक्यावरची ट्यूबलाइट जाऊन दिवसाचा उजेड आला.

इंटरव्ह्यूसाठी काळा-निळा सोडून वेगळा रंग घ्यायचाय ना, तर माझ्या मते तो असाच हवा. पहिल्या नजरेला नुसता गडद. तुम्ही बसलात, दोन उत्तरं दिलीत, मग समोरच्याच्या लक्षात यावं की अरे, हा काळा नाहीये. दारातून आधी रंग आत आला आणि मागून तुम्ही, असं व्हायला नको.

बराक ओबामांचं आठवतंय? २८ ऑगस्ट २०१४. व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषद, विषय इराक-सीरियातल्या इस्लामिक स्टेटचा, आणि साहेब आले बदामी सूट घालून. नंतर चर्चा कशाची, तर सूटची. आजही लोकांना तो सूट आठवतो, ते काय बोलले ते विचारून बघा. बरं, त्यांची नोकरी पक्की होती. आपली लागायचीय.

आता नाशिकचं बोलू. सातपूर, अंबडला कारखान्यात इंटरव्ह्यू असेल, क्वालिटी, मेंटेनन्स, ट्रेनी इंजिनीअर, तर रंगाचा प्रश्नच येत नाही. तिथे सूट हाच वेगळेपणा. समोरचे प्रॉडक्शन मॅनेजर कंपनीच्या शर्टात बसलेले असतात, आणि बोलता बोलता म्हणतात, चला, वर्कशॉप दाखवतो. इस्त्रीचा फिकट शर्ट, गडद पँट, लेदरचे बंद बूट. विषय संपला.

कॅम्पस प्लेसमेंटला कॉलेजनंच ब्लेझरचा रंग ठरवून दिला असेल, तर तिथेही डोकं चालवायचं नाही. बँक, विमा, ऑडिट फर्म? नेव्ही नाहीतर राखाडी, आणि गप्प बसायचं. या क्षेत्रात माणसं कपड्यांवरून किती लवकर मत बनवतात याचा एक नमुना सांगतो. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनचा, म्हणजे साध्या घरातल्या पोरांना वर यायची संधी मिळते का ते बघणाऱ्या आयोगाचा, एक अहवाल आला. इन्व्हेस्टमेंट बँकांमध्ये सूटखाली तपकिरी बूट घातलेला उमेदवार काही वरिष्ठांना खटकतो, असं त्यात होतं. म्हणजे हुशार पोरगा, पण घरात हे कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून मागे. अन्याय आहे, मान्य. पण इंटरव्ह्यूच्या खोलीत बसून तो मिटवता येत नाही.

मग वेगळा रंग चालतो कुठे? हॉटेल, इव्हेंट, जाहिरात, इंटिरियर, आणि आपल्या गंगापूर धरणाकडच्या वायनरीत पाहुणे सांभाळायची नोकरी. तिथे आमसुली, शेवाळी, गडद विटकरी हे रंग उलट तुमच्या बाजूनं बोलतात. या माणसाला नजर आहे असं दिसतं. मुलींना थोडी जास्त मोकळीक मिळते. मोरपंखी ब्लेझर मुलीनं घातला तर कुणाला खटकत नाही, मुलानं घातला की लग्नाहून आलास का विचारतात.

आणि लग्नावरून खरा घोळ. आपल्याकडे बहुतेक मुलांचा पहिला सूट इंटरव्ह्यूसाठी शिवलेलाच नसतो. तो दादाच्या नाहीतर ताईच्या लग्नातला असतो. रॉयल ब्लू किंवा मरून, कॉलरला सॅटिनची पट्टी, खिशाला साखळीचा ब्रूच. आई म्हणते, एवढा भारी सूट कपाटात पडलाय, घाल की! तिचंही बरोबर आहे, पैसे गेलेत. पण नीट बघा, त्या सूटमध्ये नडतो तो रंग नव्हे, चमक. गुळगुळीत पॉलिएस्टरचा धागा उजेड सरळ परत फेकतो. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, त्यामुळे उजेड विखुरतो आणि रंग शांत दिसतो. लग्नाच्या हॉलमध्ये, व्हिडिओवाल्याच्या फोकसखाली ती चमक हवीच असते. इंटरव्ह्यूला तोच मरून चांगल्या टेरीवूलमध्ये, म्हणजे लोकर आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडात, बिनचमकीचा घ्या, माणूस एकदम वेगळा दिसतो. जुन्या सूटचा ब्रूच काढता येईल, बटणं बदलता येतील, पण सॅटिनच्या कॉलरच्या नादी लागू नका. तो सूट पुढच्या लग्नाला ठेवा.

कापड घेताना, मेन रोडला घ्या नाहीतर एमजी रोडला, दुकानदाराला सांगायचं, काका, तागा जरा दारात आणता का? कुणी नाही म्हणत नाही. साडी घेताना आई-मावशी हे कायम करतात, आपण पुरुष मात्र ट्यूबखालीच पसंत करून मोकळे. पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात लाल अंश कमी असतो, म्हणून तिथे मरून, आमसुली काळपट वाटतात आणि बाहेर आल्यावर अंगावर येतात. ५८ इंची पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड सूटला साधारण पुरतं. वेगळा रंग असेल तर त्याच ताग्यातलं सव्वा मीटर जास्त घ्या, दुसऱ्या पँटसाठी. पँट आधी झिजते, आणि वर्षभरानं गेलात तर रंगाईची लॉट बदललेली असते. शेवाळीत तो फरक लगेच दिसतो. लग्नसराईत टेलरची तारीख मिळता मिळत नाही, तेही धरून चाला.

एकच सूट घेणं परवडत असेल, तर माझं ऐका, नेव्ही घ्या. हिरवा दुसरा. नाहीतर मधला मार्ग, कोट फक्त रंगाचा आणि पँट राखाडी. शर्ट पांढरा, टाय साधा, खिशात रुमालाची फुलं नकोत. रंग वेगळा घेतलात ना, मग बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं.

इंटरव्ह्यू ऑनलाइन असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच खुर्चीत बसून लॅपटॉपवर मिनिटभर रेकॉर्ड करून बघा. कॅमेरा रंग स्वतःच्या मनानं बदलतो. बारीक चौकडीचं कापड तर स्क्रीनवर नुसतं थरथरतं. पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार असाल तर लिनन नको. कसाऱ्याच्या आधीच पाठीला घड्या पडतात.

आणि तयार कोट घेतला असेल तर मागच्या चिरेवर फुलीचा एक टाका असतो, बाहीवर ब्रँडची पट्टी शिवलेली असते. दोन्ही कात्रीनं हळूच काढायचं. बुटांचा व्हिडिओ वेगळा करतोय, तुमच्या सूटचा रंग कमेंटमध्ये टाका, त्यावरूनच बोलू.