पाचशेची बुलेट का थांबली?

हा आवाज ऐका. एकच सिलिंडर, 499 सीसी. रॉयल एनफील्डची क्लासिक 500. भारतात ती 2009 साली आली आणि 2020 च्या सुरुवातीला तिची विक्री थांबली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. तेव्हापासून बुलेटवाले हळहळतात, “प्रदूषणाच्या नियमांनी पाचशे घालवली.”

पण पाचशेला फ्युएल इंजेक्शन, म्हणजे मोजून पेट्रोल सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, आधीपासूनच होतं. हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा कार्ब्युरेटर होता तो क्लासिक 350 ला. म्हणजे मोठी खटपट करावी लागली ती 350 साठी. तरी 350 राहिली आणि पाचशे गेली. असं का झालं?

बीएस-6 नुसार पेट्रोल दुचाकीनं एका किलोमीटरमागे जास्तीत जास्त 60 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडावं. हा विषारी वायू कमी करण्याचं काम सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. पण एका भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा असेल, तेव्हाच तो नीट चालतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ज्यातून येतं त्या जेटचं भोक ठरलेलं. ऊन, थंडी, घाट पाहून ते बदलत नाही. इंजेक्शनमध्ये सेन्सर धूर तपासतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. त्यातही वाऱ्यावर थंड होणारं इंजिन फार तापू नये म्हणून पूर्वी थोडं जास्त पेट्रोल सोडता यायचं. कडक मर्यादेत तेवढी मोकळीक उरत नाही.

हे सगळं पाचशेत बसवणं अशक्य नव्हतं. पण इंजिनाची जुळणी नव्यानं करायची, चाचण्या घ्यायच्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून मंजुरी मिळवायची. हा खर्च गाड्या थोड्या खपतात म्हणून कमी होत नाही. 350 चा खप प्रचंड होता, पाचशेचा त्यामानानं अगदी थोडा. त्यात तेव्हा 350 सीसीच्या वर 28 टक्के जीएसटीशिवाय 3 टक्के सेसही होता. शिवाय 2018 साली कंपनीच्या 650 सीसीच्या दोन गाड्या बाजारात आल्या होत्या. पाचशेवर पैसा घालायला कारणच उरलं नव्हतं.

रेंगाळायलाही वाव नव्हता. मार्च 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बीएस-3 या जुन्या नियमांच्या गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हा आठ लाखांहून जास्त वाहनं विकायची राहिली होती. कंपन्यांनी तो धडा चांगलाच लक्षात ठेवला.

यामाहाच्या आरएक्स 100 या जुन्या टू-स्ट्रोक गाडीचं दुखणं मात्र वेगळं होतं. टू-स्ट्रोकमध्ये जळलेल्या धुराबरोबर ताजं पेट्रोलही बाहेर निसटतं, शिवाय ऑइल जळतं. तो दोष इंजिनाच्या रचनेतलाच. 1996 साली ती बंद झाली. तिच्यावर जीव टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, तरी सिग्नलला मागे उभ्या राहणाऱ्याच्या छातीचा विचार केला तर हे नियम हवेतच, असं मला ठामपणे वाटतं.

आणि 350? तिच्या खपावर कंपनीनं अख्खं नवं इंजिन उभं केलं. 2021 साली क्लासिक 350 ला हे जे-सिरीज इंजिन आलं आणि 2023 साली बुलेट 350 लाही.