हुंकारा देणारा माणूस

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय ‘स्थानिक आकाशवाणी : कला, राजकारण आणि गावगाडा’ असा छापलाय. तिन्हींवर बोलेन, पण आधी मला एका अक्षरावर बोलायचंय. ‘हूं’.

लहानपणी आजी गोष्ट सांगायला बसली की पहिल्यांदा बजावायची, ‘हूं म्हणत राहा रे, नाहीतर मी झोपले.’ आणि खरंच, आमचा हुंकारा थांबला की राजा जंगलातच राहायचा. पंचवीस-एक वर्षं मी नैमित्तिक निवेदक म्हणून माइकसमोर बसलो, पुष्कळ मुलाखती घेतल्या. स्थानिक रेडिओचं सगळं मर्म या हुंकाऱ्यात आहे, असं माझं ठाम मत झालंय. कसं, ते सांगतो.

साल १९९१. मी एका लहान केंद्रावर होतो, त्याचं नाव राहू द्या. लोककलेच्या कार्यक्रमासाठी एक वयस्कर गोंधळी आले होते. बरोबर संबळ वाजवणारा पुतण्या. संबळाची एक काठी टोकाला वाकडी असते, ती त्यानं रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेली. स्टुडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. भिंतींना भोकांचे बोर्ड, खाली जाजम, आत यायला एकामागं एक दोन दारं. आबा आत आले, मधोमध उभे राहिले, एक टाळी वाजवली आणि कान दिला. मग म्हणाले, ‘हितं आवाज माघारी येत न्हाई.’

लाल दिवा लागला. आबांनी नमन धरलं आणि दोन ओळींत थांबले. पुन्हा धरलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा माझ्याकडं वळून म्हणाले, ‘सायेब, ऐकाया कोण हाय?’ मी म्हटलं, आबा, हजारो लोक ऐकतील. ‘ते उद्या. आत्ता कोण हाय?’

तुम्ही गोंधळ पाहिलेली माणसं आहात. नायक आख्यान लावतो आणि साथीदार त्याला मध्येच अडवतो. ‘मग पुढं काय झालं?’, ‘असं कसं झालं?’ वेड घेऊन पेडगावला जातो तो, आणि बसलेल्या गावाच्या मनातलं विचारतो. आबांचा साथीदार त्या दिवशी तापानं घरी पडला होता. मग मीच साथीदार झालो. शिपायाला, ड्रायव्हरला आणि टायपिस्ट बाईंना आत बोलावलं, जाजमावर बसवलं. तंत्रज्ञ काचेपलीकडून हातवारे करत होता, पण आबा सुटले ते चाळीस मिनिटं सुटले! दिवटीला तेल किती वेळानं घालायचं, कुठल्या घरात कुठल्या देवाचं नाव आधी घ्यायचं, सगळं आलं. गावोगावचे देव एकेक करून बोलावतात ना, त्याबद्दल ते म्हणाले, ‘शेवटाला राहिल्यासाहिल्या देवालाबी हाक मारायची. न्हाईतर रुसतंय.’ ड्रायव्हर मोठ्यानं हसला, आबांनी त्याचा हात धरला आणि त्याच्या कुळाचा देव विचारला.

नंतर टेप संपादनाला गेली. चाळीस मिनिटांची बारा मिनिटं करायची होती. तेव्हा फीत ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडत असत. माझे हुंकारे गेले, ड्रायव्हरचं हसणं गेलं, साथीदार म्हणून मी विचारलेले प्रश्न गेले, आबांचा श्वास घेण्याचा थांबासुद्धा गेला. खोलीत खाली तपकिरी फितीचा ढीग पडला होता. प्रसारणात आबा एकटेच कोरड्या विहिरीत बोलल्यासारखे वाटले. मी भांडलो. ‘नियमात बसत नाही,’ एवढंच उत्तर मिळालं.

काही वर्षांनी आबांचा मुलगा आला. वडील गेले होते. ‘घरात फोटो हाय, आवाज न्हाई,’ म्हणाला. मी टेप शोधायला गेलो, तर ती पुसून तिच्यावर दुसरंच काही मुद्रित केलेलं. फितींची टंचाई असायची, मला माहीत आहे. नोंदवहीत नाव, तारीख आणि मानधनाचा आकडा होता. त्या मुलाला मी ते वाचून दाखवलं. ती टेप पुसल्याचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, सात मिनिटं उरलीत. तर राजकारण आणि गावगाडा एकत्रच घेतो.

हुंकारा आपल्याला नवा नाही. १९५३ साली पुणे केंद्र सुरू झालं आणि १९५६ मध्ये तिथून युनेस्कोच्या मदतीनं ग्रामीण श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्धा तास. गावानं एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, काम हाती घ्यायचं, आणि शंका केंद्राला लिहून कळवायच्या. पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक पुण्याच्या ग्रामीण विभागात वर्षानुवर्षं काम करत होता, ही त्या कामाची प्रतिष्ठा होती.

पुढं १९७७ पासून निवडणुकीत पक्षांना आकाशवाणीवर वेळ मिळू लागली. चांगलंच झालं, पण ती भाषणं. मध्येच ‘असं कसं झालं?’ विचारणारा साथीदार तिथं नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००६ च्या धोरणानं संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली, शंभर वॉटची ताकद दिली, निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक हवा म्हटलं, आणि राजकीय बातम्या-चर्चांना मनाई केली. आता पाटाच्या आवर्तनावर, म्हणजे कालव्याचं पाणी सोडण्याच्या पाळीवर बोलायचं म्हणजे राजकारण नाही तर काय? पाणी टेलपर्यंत, कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत का पोचत नाही, हे विचारलं की राजकारण सुरू झालंच!

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रानं आठवड्यातून अर्धा तास द्यावा. एका टेबलाशी कालव्याचा अभियंता, पाणी सोडणारा पाटकरी आणि टेलचा शेतकरी बसवावा. पुढच्या आठवड्यात नाट्यमंडळ आणि नगरपालिका, कारण नाट्यगृहाचं भाडं हाही कलेचाच प्रश्न आहे. समोर दहा माणसं ऐकायला हवीत. हुंकारे कापायचे नाहीत. मूळ ध्वनिमुद्रण जपायचं, आणि बोलणाऱ्याच्या घरी त्याची एक प्रत द्यायची.

घंटा झाली. एकच सांगतो. त्या काळी पुष्कळ घरांत रेडिओजवळ टेपरेकॉर्डर धरून कार्यक्रम उतरवून घेत. तुमच्या माळ्यावर, कपाटात अशा कॅसेट असतील, तर फेकू नका. बाहेर दाराशी माझा भाचा वही घेऊन बसलाय, त्याच्याकडं नाव, गाव आणि साधारण साल लिहून द्या. आणि १९९१ मधल्या एखाद्या कॅसेटवर संबळ ऐकू आलं, तर मला रात्री कितीही वाजता फोन करा.