कंबर, टेप आणि ‘माहीत नाही’

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर. वसतिगृहाची मेस. मधुमेहाच्या धोक्याची तपासणी. दोन टेबलं, वजनकाटा, शिंप्याकडं असतो तसला पिवळा टेप.)

सकाळचे साडेसात. पोह्यांचा वास सुटलाय, पण रांगेतल्या पोरांना उपाशीपोटी बोलावलंय. सगळ्यांचं लक्ष कढईकडं.

टेप पोटावर आला की पोरं श्वास आत ओढतात. झाडून सगळी. सिस्टर म्हणतात, “सोड रे, फोटो नाही काढत.” शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, त्याच्या मधोमध टेप धरायचा. पँटचा नंबर इथं चालत नाही, पँट पोटाखाली बसते. चौतीस नंबरवाला एक जण टेपवर ९४ सेंटिमीटर भरला, म्हणजे सदतीस इंच.

एकाची मान बघा. हा काळपट, मखमलीसारखा पट्टा तो दोन वर्षं मळ समजून घासतोय. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या रसाला, दाद देईनासं झालं की बरेचदा कातडी असा रंग धरते.

(दृश्य: फॉर्म जवळून.)

हा फॉर्म चेन्नईच्या मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनचा, २००५ सालचा. वय, कंबर, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह, एकूण गुण १००. साठ किंवा वर गेलं की धोका जास्त, ३० ते ५० मध्यम. पस्तिशीच्या आत वयाचे गुण शून्य, म्हणून पोरं निर्धास्त.

टेबलासमोर हिंगोलीकडची एक मुलगी. स्पर्धा परीक्षेची तयारी. घरी होती तेव्हा कापूस वेचायची, आता बारा तास अभ्यासिकेच्या खुर्चीत. बैठं काम, व्यायाम नाही: ३०. कंबर ८४, मुलींना ८० पासून गुण लागतात: १०.

“आई-वडिलांना शुगर?”

“नाही.”

शून्य. बेरीज ४०. सिस्टर मात्र पुढचं नाव घेत नाहीत.

“तपासली कधी होती?”

“तपासली... नाही कधी.”

आमच्याकडं शुगर ‘निघते’ ती पायाची जखम भरेना म्हणून, नाहीतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी. तोवर घरात ‘कुणालाच काही नाही’. फॉर्मवर ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांचा शून्य एकच दिसतो. उद्या दोघांनाही निघाली तर २० वाढतील आणि चाळिसाचे साठ होतील.

मग बोटातून थेंबभर रक्त. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा वर दिसली, तर मशीनवर विसंबायचं नाही, शिरेतलं रक्त देऊन पुन्हा तपासायचं. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी होते. उंबरठ्यावरून मागं फिरता येतं. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं, भाताचा दुसरा वाढा टाळून भाकरी आणि वरणाला जागा. विद्यापीठ गेटातून लेण्यांच्या डोंगराकडं चालायला पैसे पडत नाहीत. दिवसाचे पाच गोड चहा आधी दोनावर आणा, बाकीचं पुढं बघू.

(दृश्य: मेसबाहेर पायरी. मुलगी फोनवर.)

“पप्पा, आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरून घेतात ना? तुम्ही आणि मम्मी उद्या उपकेंद्रात जा. चहा न पिता. ...नाही, मला काही झालं नाही. माझ्या फॉर्मात तुमची जागा मोकळी राहिलीय.”