सोलर सेलमधला होल वाहून नेणारा पॉलिमर

स्क्रीनवर दिसतोय तो पेरोव्स्काइट सोलर सेलचा उभा छेद, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचा. मधला जाड दाणेदार थर म्हणजे पेरोव्स्काइट, ऊन शोषून घेणारा स्फटिक पदार्थ, सगळी चर्चा त्याचीच असते. आपण बघणार आहोत त्याला चिकटलेली ही बारीक पट्टी, होल ट्रान्सपोर्ट लेयर, कारण सेल किती टिकणार हे बरंचसं इथे ठरतं.

ऊन पडलं की पेरोव्स्काइटमधला इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे रिकामी जागा राहते, तोच होल, पॉझिटिव्ह चार्जसारखा वागतो. इलेक्ट्रॉन एका बाजूने बाहेर काढायचा, होल दुसऱ्या बाजूने, आणि आतल्या आत दोघं परत भेटले की ती वीज गेलीच समजा. म्हणून होलला वाट देणारा आणि इलेक्ट्रॉनला अडवणारा थर लागतो.

२००९ मध्ये जपानमध्ये योकोहामाला त्सुतोमु मियासाका यांच्या टीमने पहिला असा सेल केला तेव्हा हे काम एक द्रव करायचा. एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या उन्हातला वीज होणारा वाटा, ३.८ टक्के, आणि पेरोव्स्काइट त्याच द्रवात काही मिनिटांत विरघळायला लागायचं! २०१२ मध्ये कोरियाचे नाम-ग्यू पार्क यांनी मायकेल ग्रेट्झेल यांच्यासोबत द्रव काढून स्पायरो-ओमेटॅड नावाचा घन पदार्थ वापरला आणि आकडा ९.७ वर गेला. इथून हा विषय खरा पळाला.

पण स्पायरो बनवायला, शुद्ध करायला महाग, आणि एकटा असेल तर त्यातून होल नीट वाहत नाहीत, म्हणून लिथियमचं मीठ मिसळावं लागतं, आणि ते मीठ पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतला ओलावा ओढतं. पेरोव्स्काइटला सगळ्यात जास्त भीती ओलाव्याचीच, आणि आपण तो स्वतःच्या हाताने आत बोलावतोय.

मग लोक पॉलिमरकडे, म्हणजे प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या रेणूंकडे वळले. पॉलिमर वीज वाहू शकतो हे १९७७ पासून माहीत होतं, त्याला २००० साली केमिस्ट्रीचं नोबेलही मिळालं. कोरियात देजॉनला केमिकल टेक्नॉलॉजीची सरकारी संस्था आहे, तिथे सांग इल सोक यांच्या टीमने पीटीएए हा पॉलिमर वापरून २०१५ मध्ये २०.१ टक्के गाठले. मोठं काम होतं, पण पीटीएए पण महागच आणि त्या रचनेत त्यालाही लिथियमचं मीठ लागायचंच.

आता माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग. पी-थ्री-एचटी नावाचा एक स्वस्त पॉलिमर, ऑरगॅनिक सोलर सेलवाल्यांना वर्षानुवर्षं ओळखीचा, पण पेरोव्स्काइटवर लावला की व्होल्टेज पडायचं, कारण दोन थर भेटतात तिथेच इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना गाठून संपायचे. २०१९ मध्ये देजॉनच्याच संस्थेतल्या टीमने पॉलिमरला हातच लावला नाही, त्यांनी सांधा सुधारला. पेरोव्स्काइटच्या पृष्ठभागावर एक अमोनियम ब्रोमाइडचं मीठ लावलं, त्यातून तिथे दुसऱ्या हॅलाइडचा (ब्रोमिन, आयोडिनसारख्या मूलद्रव्याच्या संयुगाचा) अगदी पातळ थर तयार झाला, त्या मिठाच्या रेणूला सहा कार्बनची शेपटी आणि पी-थ्री-एचटीच्या साखळीलाही बाजूने सहा कार्बनच्याच शेपट्या, त्या एकमेकींत गुंतल्या आणि पॉलिमर आपोआप नीट रचून बसला. पॉलिमरमध्ये लिथियम नाही, काहीच मिसळलेलं नाही, आणि सर्टिफाइड एफिशियन्सी २२.७ टक्के.

आणखी एक गोष्ट, लॅबमध्ये सहसा काच गरगर फिरवून थर पसरवतात, त्यात बरंचसं द्रावण उडून वाया जातं आणि मोठ्या काचेवर ते जमत नाही. यांनी पॉलिमर दांडीने ओढून पसरवला आणि सुमारे २५ चौरस सेंटीमीटरच्या मॉड्युलवर, म्हणजे जोडलेल्या सेलच्या मोठ्या तुकड्यावर, १६ टक्के मिळवले. २२.७ वरून १६, म्हणजे आकार वाढवला की घसरण होतेच, पण कारखान्याच्या दृष्टीने मला हाच आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पी-थ्री-एचटीचा छोटा सेल सतत उजेडात १,३७० तास चालला आणि सुरुवातीला जेवढी एफिशियन्सी होती तिच्या ९५ टक्क्यांवर राहिला. १,३७० तास म्हणजे साधारण ५७ दिवस, तेही रूम टेम्परेचरला. छतावरच्या सिलिकॉन पॅनलकडून आपण २५ वर्षांची अपेक्षा करतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तेच पॅनल ६०-७० डिग्रीपर्यंत सहज तापतं. पॅनलची जी नेहमीची कसोटी आहे ती ८५ डिग्री, ८५ टक्के आर्द्रता आणि सलग १,००० तास अशी असते, आणि पॉलिमरला पुढे उभं राहायचंय ते तिथे.