वय वर्षे साडेबारा

[दृश्य : नागपूर मेट्रोच्या खिडकीतून, राहाटे कॉलनीजवळ. खाली वर्धा रोड, बाजूला लांबलचक भिंत.]

नागपूरकरांना ही भिंत पाठ आहे. मध्यवर्ती कारागृह. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच ठिकाणी आहे, एक येरवड्याला आणि एक इथे. आत कॅमेरा नेता येत नाही, तेव्हा आपण भिंत बाहेरूनच बघायची.

मार्च २०२३ संपता संपता या भिंतीआडून एक माणूस सुटला. अटक झाली तेव्हा पोलिसांच्या कागदावर त्याचं नाव नारायण होतं आणि वय विशीतलं.

[दृश्य : टेबलावर निकालपत्राची प्रत. ओळींवरून पेन्सिल सरकते आहे.]

सुप्रीम कोर्टाचा निकाल, तारीख २७ मार्च २०२३. न्यायमूर्ती जोसेफ, बोस आणि रॉय. प्रकरण पुण्यातलं. २४ ऑगस्ट १९९४ रोजी एकाच घरातली सात माणसं मारली गेली. पाच बायका, त्यांतली एक गरोदर, आणि दोन मुलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने १९९८मध्ये नारायणला फाशीची शिक्षा सुनावली, १९९९मध्ये हायकोर्टाने ती कायम केली, २०००मध्ये सुप्रीम कोर्टानेही.

पेन्सिल आता थांबली आहे ती एका जन्मतारखेवर. १ फेब्रुवारी १९८२. राजस्थानात, बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या रजिस्टरातली ही तारीख. नाव निरानाराम. नारायण तो हाच, असं कोर्टाने मानलं. आता हिशेब करा. घटनेच्या दिवशी वय साडेबारा वर्षं. बाल न्याय कायद्यात अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं, तेही सुधारगृहात. तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता.

रजिस्टर शाळेत होतंच. कुणी जाऊन उघडलं नव्हतं, एवढंच.

[दृश्य : सुतळीने बांधलेले फायलींचे गठ्ठे. एक हात गाठ सोडतो.]

ही केस लढवली ती कायदा शिकवणाऱ्या एका विद्यापीठातल्या संशोधन केंद्राने. दिल्लीची नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, केंद्राचं नाव प्रोजेक्ट ३९-ए. राज्यघटनेतल्या अनुच्छेद ३९-ए वरून हे नाव घेतलं आहे. पैसे नाहीत म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, सरकारने फुकट वकील द्यावा, असं तो अनुच्छेद सांगतो. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो घटनेत आला. आणीबाणीतल्या त्या दुरुस्तीबद्दल चांगलं बोलायची वेळ क्वचित येते, म्हणून ही नोंद.

केंद्राची सुरुवात झाली एका साध्या प्रश्नातून : देशात फाशीची शिक्षा झालेले आहेत कोण? याची धड यादीसुद्धा कुठे नव्हती. २०१३पासून विद्यार्थी वह्या घेऊन तुरुंगातुरुंगात फिरले. ३८५ कैद्यांपैकी ३७३ जणांची माहिती जमली, त्यांच्या घरच्यांशी बोलणं झालं. २०१६मध्ये अहवाल आला. चारातले जवळजवळ तीन हातावर पोट असलेल्या घरांतले. चारातले तीन मागास जातींचे, आदिवासी किंवा धार्मिक अल्पसंख्याक.

दरम्यान, ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला फाशी झाली, याच नागपूरच्या भिंतीआड. केंद्राचे अनुप सुरेंद्रनाथ तेव्हा सुप्रीम कोर्टात उपनिबंधक होते. त्यांनी राजीनामा दिला आणि पूर्णवेळ विद्यापीठातल्या या कामाकडे वळले.

[दृश्य : जुना निकाल, टाइप केलेला. शेवटचं पान.]

आता हे पान जवळून बघा. असे निकाल आम्ही बरेच चाळले. गुन्हा कसा घडला यावर पानंच्या पानं. पंचनामे, जबाब, उलटतपासणी. आणि शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं किती? दोन ओळी. गरीब आहे, घरी म्हातारी आई आहे, दया करावी.

१९८०च्या बच्चन सिंग निकालापासून नियम असा आहे की फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच द्यायची, आणि गुन्ह्याबरोबर माणूसही बघायचा. दोन ओळींत माणूस कसा बघणार, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

[दृश्य : फळ्यावर आडवी रेघ. तिच्यावर खडूने वर्षं टाकली जातात.]

म्हणून केंद्रात वकिलांच्या शेजारच्या टेबलावर समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली माणसं बसतात. न्यायवैद्यकातलीही; डीएनएचा अहवाल आला की वकील शेवटची ओळ वाचतो, हे लोक त्याआधीचं सगळं वाचतात. फळ्यावरची ही रेघ म्हणजे एका कैद्याचं आयुष्य. आईला बाळंतपणात काय झालं, मूल बोलायला कधी लागलं, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, घर सोडून कामाला कुठे गेला, डोक्याला कधी मार बसला होता का. हे वकिलाला विचारता येत नाही असं नाही. पण तारीख आठवड्यावर आली असताना कोण विचारणार? एकेका रेघेला कित्येक महिने लागतात. घरच्यांना तीन-तीनदा भेटावं लागतं, कारण पहिल्या भेटीत कुणी खरं बोलत नाही. दुसऱ्या भेटीत चहा मिळतो.

२०२१मध्ये या केंद्राने ८८ कैद्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास छापला. साठ टक्क्यांहून जास्त जणांना मानसिक आजार. मे २०२२मध्ये मनोज प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीचा विचार करण्याआधी खालच्या कोर्टानेच आरोपीची घरची, मनाची, तुरुंगातल्या वागणुकीची माहिती मागवावी. फळ्यावरची रेघ आता कोर्टाच्या कामकाजात आली आहे. निदान कागदावर तरी.

[दृश्य : येरवड्याचा रस्ता. गेटबाहेर मुलाखतीसाठी थांबलेल्या बायका, हातात पिशव्या.]

पुण्यात आणि नागपुरात केंद्राचे तरुण वकील आणि समाजकार्यवाले कच्च्या कैद्यांसाठीही काम करत आले. जामीन मंजूर असतो, जामीनदार नसतो. घरी निरोप गेलेला नसतो.

२०२५मध्ये ही मंडळी दिल्लीहून हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात गेली. नाव बदललं, आता स्क्वेअर सर्कल क्लिनिक.

त्या पुण्याच्या घरातल्या सात जणांचे नातेवाईकही आहेत. त्यांच्याशी आम्ही बोललेलो नाही.

[दृश्य : मराठवाडा. ओसरी. चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि हिरव्या बांगड्या.]

ही एका कैद्याची आई. वेगळं प्रकरण, अजून कोर्टात आहे, म्हणून नाव नाही. मुलगा कधी झाला, असं विचारलं. तारीख माहीत नाही. साल माहीत नाही. दाखला पावसात भिजला.

समोरची मुलगी पेन खाली ठेवते आणि दुसऱ्या बाजूने विचारते, “मावशी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो चालत होता का?”

“नाही गं. कडेवर होता. कडेवर घेऊनच पळाले.”

ती वहीत ‘सप्टेंबर १९९३’ लिहिते, खाली रेघ मारते आणि शाळेचं नाव विचारते.