आधी तुम्ही भाऊ-भाऊ मिटवा

नमस्कार मंडळी. आज विषय जरा साहेबी आहे, पण रेडिओ बंद करू नका, दहा मिनिटांत तुम्हाला आपल्या सोलापुरातल्या साखर पेठेतच आणून सोडतो.

ब्रेक्झिट आठवतंय ना. 2016 च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये मतदान झालं, 31 जानेवारी 2020 ला ते युरोपियन युनियनमधनं बाहेर पडले, आणि पुढं वर्षअखेरपर्यंत जुनंच चालू द्या अशी मुदत मिळाली. आता गंमत बघा, ब्रिटन 1973 पासून त्या घरात, आणि त्या घराचा नियम असा की बाहेरच्या देशाशी व्यापाराचा करार करायचा तो घराच्या नावानं, एकट्यानं कुणी करायचा नाही. असे 40 च्या आसपास करार, 70 च्या आसपास देशांशी. मग घर सोडलं की करार कुणाचे? घराचे. परत सांगतो, करार घराचे, बाहेर पडणाऱ्याचे नाहीत.

आता ही गोष्ट ऐका. माझे वडील एका टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी होते, चोवीस माग, दोन भाऊ, एक चूल. एके वर्षी धाकट्यानं वेगळं व्हायचं ठरवलं. मागांची वाटणी एका दुपारी झाली, बारा-बारा, पाटा-वरवंटा कुणाकडं यावरून मात्र तीन दिवस भांडण. धाकट्यानं वडिलांना बोलावलं, म्हणाला, "दिवाणजी, सगळ्यांकडं जाऊन सांगा, जे ठरलंय तेच, फक्त नाव बदला." नवीन बिलबुक छापायला पैसे नव्हते, मग जुन्याच बिलबुकात थोरल्याचं नाव बॉलपेननं खोडायचं आणि खाली रबरी शिक्का मारायचा. शिक्के मारायला मी. सायकलच्या कॅरिअरवर बसून वडिलांबरोबर फिरायलाही मीच.

ट्रान्सपोर्टवाला पहिला. त्यानं बघितलंसुद्धा नाही, "घ्या की, आम्हाला काय, गठ्ठा तोच आणि गाडी तीच." झालं.

मग सूतवाला. त्याचं घराशी ठरलेलं, महिन्याला दोनशे पिशव्या सूत. वडील म्हणाले आता शंभर थोरल्याकडं, शंभर धाकट्याकडं, बेरीज तीच. त्यानं चहाची बशी खाली ठेवली (तेव्हा बशीत ओतून प्यायचे हो, आताच्या त्या कागदी कपात चहाला कागदाचाच वास) आणि म्हणाला, "दिवाणजी, बेरीज बरोबर आहे पण नुकसान माझं आहे. पूर्वी बारा माग बंद असले तरी दुसऱ्या बारांवर माझं सूत खपायचं, दोनशे म्हणजे दोनशे. आता एकाकडं बंद पडलं तर त्याच्या शंभर पिशव्या मी घरी नेऊन काय गाद्या भरू?"

पेठेतला टॉवेलचा व्यापारी त्याहून बेरकी. तो घरच्या मालाला डझनामागं जादा भाव द्यायचा. म्हणाला, "सूत थोरल्याच्या गोदामातलं, रंग दुसऱ्याच्या डाईंगचा, तू नुसतं विणलंस, मग ह्याला तुझा माल कसं म्हणू? आणि नाव बदलायचंच आहे तर भावाचं पण एकदा बोलू."

शेवटी डाईंगवाला, थोरल्याचा साडू. चारदा गेलो. दर वेळी एकच, "आधी तुम्ही भाऊ-भाऊ मिटवा, मग माझ्याकडं या. मला दोन्हीकडं जेवायला जायचं आहे." भाऊ मिटले ते भोगीच्या दिवशी, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सुरू झाली होती, बाजरीची भाकरी आणि गरगट्टा खाऊन. दुसऱ्या दिवशी साडू हो म्हणाला.

हे मी रंगवून सांगतोय असं वाटेल, पण ब्रिटननं नेमकं हेच केलं की हो. सरसकट नवे करार लिहीत बसले नाहीत, पुष्कळ करारांत छोटासा कागद केला, जुना करार तसाच धरा, युरोपियन युनियन लिहिलंय तिथं आमचं नाव वाचा. बॉलपेन आणि शिक्का! चिलीनं 2019 च्या जानेवारीत सही केली, दक्षिण कोरियानं ऑगस्टमध्ये. आणि सूतवाला कोण, तर न्यूझीलंड. त्यांना पूर्ण युरोपात मिळून 2,28,254 टन मेंढीचं मटण सवलतीत पाठवायचा हक्क होता, तो ब्रिटन आणि बाकीच्या युरोपात साधारण निम्मा-निम्मा वाटला, तर त्यांनी हीच तक्रार केली, बेरीज तीच पण इकडचं तिकडं करायची सोय गेली. साडू म्हणजे तुर्कस्तान, त्यांची जकात युरोपशी बांधलेली, त्यामुळं ब्रिटन आणि युरोपचं मिटेपर्यंत सही नाही. ते मिटलं 24 डिसेंबर 2020 ला, तुर्कस्ताननं सही केली 29 ला. मुदत 31 ला संपत होती, बघा!

आणि भावाचं बोलू म्हणणारा कॅनडा. तिथं ब्रिटिश चीजला जुन्या घराच्या कोट्यात जी तात्पुरती सोय होती ती 2023 संपताना संपली, कोट्याबाहेर 245 टक्के ड्युटी, आणि 2024 च्या जानेवारीत ब्रिटननं नव्या कराराची बोलणीच थांबवली. नाव बदलणं सोपं. समोरच्यानं हो म्हणणं अवघड.

आपलं म्हणाल तर भारताचा युरोपशी असा करारच नव्हता, म्हणून खोडायलाही काही नव्हतं. ब्रिटनशी नव्यानं बोलणी 2022 ला सुरू झाली, सह्या 24 जुलै 2025 ला, आपल्या 99 टक्के प्रकारच्या मालावर तिकडं ड्युटी शून्य करायचं ठरलं, त्यात टॉवेल-चादरीचा कापडमालही आला. पण तिथंही पेठेतल्या व्यापाऱ्याचा प्रश्न आहेच, माल कुठला, दाखला दाखवा. (आणि एक सांगू का, पुण्यात रस्त्यावर सोलापुरी म्हणून चादर घेता ना, तिचाही दाखला एकदा मागून बघा.)

काचेपलीकडनं वेळ संपली म्हणून हात करायलेत. ते बिलबुक अजून आमच्याकडं आहे. उरलेल्या पानांच्या पाठीवर आईनं दोन वर्षं दुधाचा हिशोब लिहिला. नमस्कार.